लाल पट्ट्याची साक्ष

शकूला जाऊन तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी दगडखाणीचा मुकादम सोनाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला. एका हातात टाइप केलेला कागद, दुसऱ्या हातात शाईचं पॅड.

"सोनाबाई, इथं अंगठा द्या. बाकी सगळ्या बायांचा झालाय, तुमचाच ऱ्हायलाय."

"काय लिवलंय त्यात?"

"काय नाय. शकू कशी गेली तेवढंच. सरकारी काम हाय, द्यावाच लागतो."

सोनाबाई भांडी घासत होती. राखेने माखलेले हात तसेच ठेवून तिने सुनेला हाक मारली. शोभा सातवीपर्यंत शिकलेली. घरात येणारा प्रत्येक कागद तीच वाचायची. मुकादम का-कू करायला लागला, तोवर शोभाने कागद त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि मोठ्याने वाचला. मयत शकू ही मनाई असलेल्या जागी, कड्याखाली, तंबाखू खात बसली असता वरून सुटा दगड निसटून तिच्या अंगावर पडला. त्या वेळी त्या जागी कोणतेही काम चालू नव्हते. सदर स्त्री स्वतःच्या बेपर्वाईने मरण पावली.

सोनाबाईने शांतपणे हात धुतले, पदराला पुसले आणि उठून मुकादमासमोर गेली.

"शकूनं जन्मात तंबाखू तोंडात धरली नाय. आनि ती बसली कंदी व्हती रं? तूच धाडलीस ना तिला कड्याखाली?"

"झालं ते झालं. आता मेलेलं मानूस परत येनार हाय का?"

"नाय येनार. म्हनून तिच्या नावावर खोटं लिवायचं?" तिने शाईचं पॅड त्याच्या हातून घेतलं आणि अंगणातल्या केळीच्या बुंध्यात भिरकावून दिलं. "जा. सांग बाळूला, सोनाकाकीनं अंगठा नाय दिला."

ही १९९२ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सोनाबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली अठरा वर्षं तिने दगड फोडण्यात घालवली होती. तिच्या सासऱ्याची भातखाचरं नवीन पनवेल वसवताना गेली. शेत गेल्यावर घरातल्या बायकांनी काय करायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग नेऱ्याच्या बाजूला डोंगरात दगडखाण निघाली आणि गावच्या बायका सुतकी, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, घेऊन तिकडे चालू लागल्या. सोनाबाई फोडत असलेली खडी ट्रकात भरून खाली जाई आणि तिच्याच सासऱ्याच्या शेतात उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या पायात पडे. हे तिला ठाऊक होतं. त्यावर ती कधी रडली नाही. पण नवीन पनवेलातल्या खांदा कॉलनीवरून जाताना एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून "ही माझी" म्हणायची, आणि ऐकणारा हसला तर त्याच्याकडे असं बघायची की त्याचं हसू जागीच थांबे.

खाण बाळूशेठची. हा बाळू सोनाबाईच्या नवऱ्याच्या भावकीतला. सगळी पंचक्रोशी त्याला शेठ म्हणे, पण सोनाबाईने त्याला नागडा ओढ्यात डुंबताना पाहिलेलं, त्यामुळे तिच्यासाठी तो बाळूच राहिला.

आणि शकू म्हणजे सोनाबाईची खाणीतली जोडीदारीण. दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या आणि अठरा वर्षं एकाच कातळाच्या सावलीत बसून दगड फोडत होत्या. शकूला भलतं वेड होतं. दगड फुटला की आत कधीकधी पोकळी निघे आणि तिच्यात पांढरे, फिक्कट गुलाबी, हिरवट स्फटिक चमकत असत. बाकीच्या बायका त्यांना काचा म्हणून फेकून देत. शकू ते ओच्यात घालून घरी नेई आणि तुळशीच्या कट्ट्यावर मांडून ठेवी. सोनाबाईचा जीव मात्र आवाजात. कातळावर सुतकी मारली की ती मान तिरकी करून ऐके. भरीव दगड घंटेसारखा टणटणतो. ज्याच्या पोटात भोकं असतात तो बसका वाजतो. आणि आतून सुटलेला दगड 'ढब' करतो. असा 'ढब' ऐकला की सोनाबाई बायकांना उठवून लांब नेई, मग मुकादम कितीही ओरडो.

आदल्या वर्षी, डिसेंबरात, पनवेलच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या अरुंधतीबाई पंधरावीस मुलांना घेऊन खाण बघायला आल्या होत्या. त्या राहायला खांदा कॉलनीत. चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, पायांत कॅनव्हासचे बूट. मुलं हातोड्यांनी दगडाला गुदगुल्या केल्यासारखं करत होती आणि सोनाबाई-शकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. अरुंधतीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आपला हातोडा सोनाबाईपुढे धरला आणि म्हणाल्या, "तुम्हीच दाखवा की." सोनाबाईने एका घावात दगडाचे सरळ दोन तुकडे केले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग बाई त्यांच्याशेजारीच खडीवर बसल्या आणि मुलांना सांगायला लागल्या ते दोघींनीही ऐकलं.

त्या म्हणाल्या, हा सगळा डोंगर म्हणजे थिजलेला रस आहे. जमिनीखाली खूप खोलवर इतकी उष्णता असते की दगडही वितळतो. वितळलेला दगड भोवतालच्या दगडापेक्षा हलका, म्हणून तो वर वर सरकत येतो, कुठेतरी साठतो आणि फट मिळाली की बाहेर पडतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला हा भूभाग दक्षिणेच्या समुद्रातून सरकत इकडे येत होता. वाटेत तो अशाच एका तापलेल्या जागेवरून गेला, जमीन ताणली जाऊन उभी फाटली आणि मैलोगणती लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, कितीतरी वेळा. एका लोंढ्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर चढत गेले आणि त्यांचे हे डोंगर झाले.

एका मुलाने विचारलं, "पण मॅडम, जूनमध्ये फिलिपिन्सला ज्वालामुखी फुटला तो तर पेपरात वेगळाच दिसत होता. राखेचा केवढा ढग. अख्खं डोकं उडालं डोंगराचं. आपल्याकडे तसं नाही झालं?"

अरुंधतीबाई सांगू लागल्या की तिथला रस दाट आणि चिकट असतो, त्यात वायू कोंडून राहतात... आणि मुलांचे चेहरे कोरे होत चालले, तेवढ्यात सोनाबाई मध्येच बोलली.

"बाई, पेज उतू जाते ना, ती कशी गुमान चुलीवरनं खाली व्हावते. आनि पिठलं घट झालं की त्यातला बुडबुडा अडकतो नि फाट्‌दिशी उडतो, हात भाजतो. तसंच ना ह्ये?"

अरुंधतीबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे पेज उतू गेली. तिकडे पिठलं उडालं. उडतं तेव्हा रसाचे तुकडे तुकडे होतात. बारीक ती राख, फेसाळ ते पाण्यावर तरंगणारे दगड, आणि पटकन गार झालेला रस तर चक्क काच होतो. आपल्याकडेही थोडीफार राख पडली, पण मुख्य काम वाहण्याचं."

मग शकूने लाजत लाजत ओच्यातले स्फटिक काढले. बाईंनी ते उन्हात धरले. लोंढ्याच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे येतात, आंबोळीला जाळी पडते तसे. लोंढा थिजला की त्यांची भोकं राहतात आणि पुढे लाखो वर्षं त्यांतून गरम पाणी झिरपत जाऊन हे स्फटिक धरतात, असं त्यांनी सांगितलं. शकूने कड्याकडे बोट केलं. काळ्या कातळात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, विटेच्या रंगाचा एक हातभर जाडीचा पट्टा आडवा गेला होता.

"मंग ह्यो लाल पट्टा कोनी भरला मधी?"

"ती जुनी जमीन आहे," बाई म्हणाल्या. "एक लोंढा थंड झाला. पुढचा यायला हजारो वर्षं लागली. तोवर ऊन-पावसाने दगडाची माती झाली, झाडंसुद्धा आली असतील. मग वरून नवा लोंढा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. दोन काळ्या थरांच्या मध्ये दबून राहिली."

"जमीन? कोनाची?" सोनाबाईने विचारलं.

"कोणाचीच नाही. तेव्हा माणूसच नव्हता."

"मंग बरं व्हतं," सोनाबाई म्हणाली. "कोनी मागायला नाय आलं."

मुलं हसली. अरुंधतीबाई हसल्या नाहीत. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हे सगळे थर सपाट नाहीत, पनवेलच्या बाजूला ते पश्चिमेकडे, समुद्राकडे झुकलेत. सोनाबाईला ते नवीन नव्हतं. लाल पट्ट्यातून पाणी झिरपायचं ते नेहमी कड्याच्या खाडीकडच्या टोकाला, हे ती कित्येक वर्षं बघत आली होती. पण आजवर फक्त बघितलेल्या गोष्टीला कारण असतं, आणि ते सांगता येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आठवडाभर दोघी फोडता फोडता त्याच गप्पा मारत होत्या. शकू हातातला दगड उलटासुलटा करून विचारी, "ह्यो पेजेच्या वरचा का तळाचा?" आणि सोनाबाई वाजवून सांगे.

जानेवारीत सुरुंगाचे दगड उडून खालच्या पाड्यातल्या घरांवर पडले. लोकांनी ओरडा केला आणि सुरुंग बंद झाले. पण खडीची मागणी काही थांबली नव्हती. तेव्हा मुकादमाने डोकं चालवलं. लाल पट्टा मऊ, पहारीने उकरता येतो. तो खालून काढून घेतला की वरचा काळा कातळ आपोआप खाली येईल, सुरुंगाची गरजच नाही.

सोनाबाईने ऐकलं आणि तिथल्या तिथे नाही म्हणाली. "पायाखालची वीट काढून भिंत पाडतोस, आनि आमाला भिंतीखाली उभं करतोस? मी नाय जायाची." मुकादमाने तिला घमेली वाहायच्या कामाला लावलं आणि पहार शकूच्या हातात दिली. शकूचा मुलगा खाणीच्याच खडीच्या क्रशरवर ड्रायव्हर होता. त्याची गाडी काढून घेईन, एवढंच मुकादम तिला म्हणाला. शकूने सोनाबाईकडे पाहिलं आणि ती गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शकूने भरलेलं घमेलं कड्यापासून दूर वाटेवर आणून ठेवलं आणि पुन्हा आत शिरली. सोनाबाई ते उचलायला चालली होती. दहा पावलं उरली असतील. कड्याच्या पोटातून तिला तो 'ढब' आवाज आला, खोल. "शकू, भाईर ये!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. शकूने वळून पाहिलं. एवढ्यात वरचा कातळ सरकला.

तिला काढायला संध्याकाळ झाली. त्या गोंधळात सोनाबाईने ते भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं आणि तशीच घरी निघून गेली. कुणी अडवलं नाही. ते का नेलं, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. शकूच्या हाताने भरलेलं शेवटचं ते होतं, एवढंच.

 मी नाही म्हटलं म्हणून पहार शकूच्या हातात गेली, हे तिने शोभाला एकदाच सांगितलं. शोभा म्हणाली, "आत्याबाई, तुमी कड्याखाली गेला असता तर तुमी गेला असता. पहार देनारा हात कोनाचा व्हता ते बघा."

अंगठा न दिल्याच्या दुसऱ्या दिवशी बाळूशेठ स्वतः आला. पांढऱ्या कपड्यांत ओटीवर बसला, चहा मागितला.

"काकी, शकूच्या घरच्यांनी मान्य केलंय. पोराची नोकरी कायम केली मी. तू कशाला वाकड्यात शिरतेस? डोंगर हाय तो. पडतो कंदीमंदी. देवाची करनी."

"देवानं पहार नाय मारली, बाळू."

"तुजं कोन ऐकनार हाय? एक अडानी बाई. माझ्याकडं इंजिनिअर हाय."

"मंग घाबरतोस कशाला?" सोनाबाई म्हणाली. "चहा पी आनि जा."

त्याने चहा न पिताच चपला घातल्या. दुसऱ्या दिवसापासून सोनाबाईला खाणीच्या फाटकातून आत घेतलं नाही. विहिरीवर बायका तिच्याशी बोलताना इकडेतिकडे बघू लागल्या.

ती घमेलं डोक्यावर घेऊन चालत खांदा कॉलनीत गेली. अरुंधतीबाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, धुतलेल्या फरशीवर तिने ते उतरवलं. बाईंनी वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक तुकडा काढून बघितला. लाल माती, लाल ढेकळं. आणि एक मुठीएवढा तुकडा असा निघाला की तो एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला काळा. काळं लालावर असं बसलेलं की नखाने सुटत नव्हतं.

"हा सांधा आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "वरच्या लोंढ्याचं पोट आणि खालच्या जमिनीची पाठ. हे डोंगराच्या माथ्यावरच्या मातीत मिळत नाही. हे फक्त त्या पट्ट्यातच मिळणार."

"मंग तुमी चला माझ्याबरोबर. चौकशीला सरकारी साहेब येनार हायेत, त्यांना सांगा."

अरुंधतीबाईंनी तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला. मग खरं तेच बोलल्या. "सोनाबाई, मी तिथे नव्हते. मी काही पाहिलं नाही. थर कसे झाले ते मी सांगेन, पण शकू तिथे काय करत होती हे तुम्हीच सांगू शकता. आणि तुम्हाला हे माझ्यापेक्षा बरं सांगता येतं, मी ऐकलंय. मी येईन, मागे बसेन."

सोनाबाईला ते आवडलं नाही. शिकलेली माणसं ऐन वेळी मागेच बसतात, असं तिच्या मनात आलं आणि ते तिने बोलूनही दाखवलं. पण मग ती खाली बसली आणि म्हणाली, "बरं. मला सांगा मंग. पयल्यापासनं. काय एक सोडू नका."

त्यानंतरचा महिनाभर ती दर रविवारी जात राहिली. बाई पाटावर ओली माती, राख आणि डांबराचे थर देऊन, पाट कलता करून दाखवत. सोनाबाई प्रश्न विचारी. लोंढा सगळीकडे सारखा जाड असतो का? नाही. मातीचा पट्टा मध्येच संपू शकतो का? संपू शकतो, पण हळूहळू बारीक होत. दोन्ही बाजूंना हातभर जाड असेल तर मध्ये एकाएकी तुटत नाही. हे शेवटचं वाक्य सोनाबाईने तीनदा म्हणवून घेतलं. शोभाने चौकशीच्या साहेबांना अर्ज लिहिला, 'घटनेच्या वेळी मी दहा पावलांवर होते, मला बोलायचं आहे,' आणि तो पनवेलच्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवला.

एप्रिलमध्ये पंचायतीच्या खोलीत चौकशी भरली. साहेब मुंबईहून आलेले, मितभाषी, उन्हाने त्रासलेले. बाळूशेठचा इंजिनिअर इस्त्रीच्या शर्टात नकाशा घेऊन बसला होता. त्याने सांगितलं की त्या जागी कडा अखंड काळ्या कातळाचा आहे, तो आपोआप ढासळत नाही, सुटा दगड पडला, बाई चुकीच्या जागी बसली होती. लाल पट्टा खाणीच्या दोन टोकांना आहे, मधल्या भागात नाही.

साहेबांनी सोनाबाईला पुढे बोलावलं. तिने टेबलावर फडकं उलगडलं आणि चार दगड ओळीने ठेवले.

"साहेब, ह्यो तळचा. भरीव, वाजतो. ह्यो त्याच लोंढ्याचा वरचा, जाळीचा. रस गार होताना बुडबुडे वर येतात म्हनून. त्याच्यावर ही लाल, जुनी जमीन, भाजलेली. आनि तिच्यावर दुसऱ्या लोंढ्याचा काळा. आमचा डोंगर असा रचलाय. ह्यो शेवटचा तुकडा बघा, आर्धा लाल, आर्धा काळा. ह्यो शकूच्या घमेल्यातला. ती तंबाखू खात बसली व्हती तर ह्यो सांधा कोनी उकरला?"

इंजिनिअर हसला. "साहेब, हे घमेलं घरी नेऊन दोन महिने झाले. कुठूनही भरलं असेल."

"कुठनंही नाय भरता येत," सोनाबाई म्हणाली. "पन तुमाला खोटं वाटतं ना? मंग चला डोंगरावर. घमेलं मी नेलं. डोंगर तर नाय नेला?"

खोलीत खसखस पिकली. बाळूशेठ उठून काहीतरी बोलू लागला, उन्हाचं, चढाचं. साहेबांनी टोपी उचलली. "चला," ते म्हणाले.

खाणीत कड्याच्या मधल्या भागापुढे, शकू गेली तिथे, चकचकीत नवा ढिगारा पडला होता. ट्रकांनी माती-दगड आणून ओतलेले. इंजिनिअर म्हणाला, सुरक्षेसाठी टाकलाय. उजवीकडे, पूर्वेच्या टोकाला, लाल पट्टा डोक्याइतक्या उंचीवर दिसत होता. डावीकडे, खाडीच्या बाजूला, तो कमरेखाली उतरलेला. मध्ये नुसता ढिगारा आणि त्याच्या वर काळा कातळ.

"दोरी द्या मला," सोनाबाई म्हणाली.

शोभाने घरून सुतळीचं भेंडोळं आणलं होतं. पूर्वेच्या टोकाला लाल पट्ट्यावर सुतळीचं एक टोक दाबून शोभा उभी राहिली. सोनाबाई भेंडोळं उलगडत ढिगाऱ्यासमोरून पलीकडे गेली आणि दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं म्हणून तिने मागे पाहिलं. कामावरच्या बायका घोळका करून लांब उभ्या होत्या. सगळ्यांचे अंगठे त्या कागदावर होते. मुकादम त्यांच्यापुढेच उभा होता.

 मग गंगाबाई, सगळ्यांत वयस्कर, पायाने अधू, मुकादमाला बाजूला सारून लंगडत पुढे आली. "दे हिकडं," ती म्हणाली आणि तिने सुतळीचं टोक पश्चिमेच्या लाल पट्ट्यावर तळहाताने घट्ट दाबलं.

सुतळी ताणली गेली. ढिगाऱ्याच्या अंगावरून ती तिरकी, समुद्राकडे उतरत गेली.

"साहेब, पट्टा असा कलतो. डावीकडं हातभर, उजवीकडं हातभर. मधनंच कसा गडप व्हईल? ह्या दोरीच्या मागं खना. लाल नाय निघाली तर मी त्या कागदावर दोनी अंगठे देते."

खणायच्या आधी तिने वरच्या कातळावर चढून ठिकठिकाणी सुतकी मारली, कान लावला आणि एका बाजूकडे बोट दाखवून सांगितलं, "हिकडनं. तिकडं कोनी जाऊ नका." साहेबांनी माणसांना तसंच करायला लावलं. तासाभराने ढिगाऱ्यामागून लाल माती निघाली, बरोबर सुतळीच्या रेषेत. आणखी खणलं तेव्हा पट्ट्यात आत गेलेली पोकळी उघडी पडली, दोन हात खोल. तिच्या भिंतीवर पहारीचे घाव एकाशेजारी एक, ताजे, ओळीने. आणि तळाशी वाकलेली पहार. तिला हाताला रुतू नये म्हणून हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

सोनाबाईने उत्तर द्यायच्या आधीच मागून तीनचार बायका एकदम म्हणाल्या, "शकूची." आणि मग त्या बोलायलाच लागल्या, एकीचं संपायच्या आत दुसरी, कोणी धाडलं, काय सांगून धाडलं, कोणाला कशाची धमकी दिली. साहेब झाडाखाली बसून लिहीत राहिले. इंजिनिअरने नकाशाची गुंडाळी केली होती. साहेबांनी त्याला तो पुन्हा उघडायला लावला आणि मधल्या भागात लाल पट्टा स्वतःच्या हाताने काढायला लावला.

जाताना त्यांनी सोनाबाईला विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"दगडानं," ती म्हणाली. मग मागे उभ्या असलेल्या अरुंधतीबाईंकडे वळून, "नावं ह्या बाईंनी सांगितली." अरुंधतीबाई पुढे आल्या आणि त्यांनी साहेबांना आपलं नाव, कॉलेजचं नाव आणि घरचा पत्ता लिहून दिला, विचारलं नव्हतं तरी.

अहवाल यायला पाच महिने लागले. शोभाने तो तीनदा वाचला. शकू ही मुकादमाच्या आदेशावरून लाल थर उकरण्याचे काम करीत असता, आधार काढून घेतल्याने वरचा कातळ कोसळून मरण पावली, असं त्यात होतं. बेपर्वाई हा शब्द होता, पण तो आता मालक आणि मुकादमाच्या नावापुढे होता. पुढे खटला रेंगाळला, तारखा पडत गेल्या आणि शेवटी बाळूशेठ दंडावर सुटला. खाण अकरा महिने बंद राहिली आणि उघडली तेव्हा कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापला जाऊ लागला होता. सोनाबाईला हे पुरेसं वाटलं नाही आणि ती ते कुणालाही सांगायला कचरत नसे. "दंड भरून मानूस मारता येतो व्हय?" असं ती बाळूला भर लग्नात, पंगतीत विचारी.

तिला मात्र त्यानंतर एकाही खाणीने कामावर घेतलं नाही. नेऱ्यापासून कोन गावापर्यंत सगळ्या मालकांमध्ये तिचं नाव पोचलं होतं. ती भाजी विकू लागली. दर डिसेंबरात अरुंधतीबाईंची मुलं आली की त्यांच्याबरोबर डोंगर चढे आणि पेज-पिठल्याचं सांगे. लातूरच्या भूकंपानंतरच्या साली मुलांनी घाबरून विचारलं की आपल्याखाली ज्वालामुखी जागा होईल का. बाईंनी समजावलं की ती आग केव्हाच विझली, भूकंपाचं कारण वेगळं. सोनाबाई म्हणाली, "त्याची काळजी नका करू. कड्याखाली कोन बसलंय ती करा."

आणि ती तेच करत राहिली. भाजीची पाटी घेऊन कुठल्याही खाणीपाशी थांबायची, फाटकाच्या बाहेरून कडा न्याहाळायची. लाल पट्टा खालून खाल्लेला दिसला की सरळ आत घुसून बायकांना उठवायची. वॉचमन तिला हाताला धरून बाहेर काढत. शहाण्णव साली कोनकडच्या एका खाणीत तिला तिसऱ्यांदा बाहेर काढलं, तेव्हा ती फाटकातच मांडी घालून बसली. ट्रकांची रांग लागली. मालक गाडीतून उतरून ओरडला, पोलिसांना बोलावीन म्हणाला.

"बोलाव," सोनाबाई म्हणाली. "आनि त्यांना कड्याखाली उभं कर."

तासाभराने आतल्या बायका सुतक्या खाली ठेवून, एकेक करत, फाटकाशी तिच्या बाजूला येऊन बसल्या.